वटवाघूळ म्हणे ‘जेमतेम’ उडतं!

गुहावाट: ‘उंच घार’ यांनी काल लिहिलं की पक्ष्याच्या फुप्फुसापुढे वटवाघळाचं म्हणजे उंदराचंच फुप्फुस, त्यावर ते जेमतेम उडतं. राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय.

रचनेतला फरक मान्यच. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने जाते, फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्या ती भात्यासारखी ढकलतात, आत घेतलेली हवा बाहेर पडायला दोन श्वास लागतात. वटवाघळाला आपल्यासारखेच वायुकोश, म्हणजे फुप्फुसातले बारीक फुगे. हवा आली त्याच वाटेने परत, ताजी-शिळी एकत्र. पण त्याच वजनाच्या इतर सस्तन प्राण्यांपेक्षा त्याचं फुप्फुस नि हृदय मोठं असतं. काही जातींच्या रक्तात तांबड्या पेशी ६० टक्क्यांपर्यंत. अमेरिका खंडातल्या फिलोस्टोमस हस्टॅटस या जातीत हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा ०.१२ मायक्रोमीटर, म्हणजे पक्ष्यांच्या पंक्तीला बसेल इतका पातळ. उडताना ते आपल्या वजनाच्या पक्ष्याइतकाच ऑक्सिजन वापरतं. आता सांगा, जेमतेम कसं?

उंच घार: १९६८ मध्ये टकर या शास्त्रज्ञांनी चिमण्या आणि उंदीर ६,१०० मीटर उंचीवर असते तेवढ्या विरळ हवेत ठेवले. उंदीर निपचित पडले, चिमण्या उडत होत्या. हिवाळ्यात जायकवाडीला दिसणारे पट्टकदंब हंस हिमालय ओलांडणाऱ्या जातीचे. त्या जातीची ७,२९० मीटरची नोंद आहे. असं एक वटवाघूळ दाखवा, मग बोलू.

गुहावाट: प्रयोगात उंदीर होता, वटवाघूळ नव्हतं! मी आत्ताच लिहिलं की दोघांच्या छातीत नि रक्तात फरक आहे, ते वाचलंत तरी का? आणि पट्टकदंबाचं हिमोग्लोबिन मुळातच ऑक्सिजन जास्त ओढून घेतं. सगळं श्रेय फुप्फुसाला कशाला?

शेडवरचा: पक्ष्याचं फुप्फुस एवढं भारी ना? मग थंडीत माझ्या कोंबड्यांच्या शेडवर या. पाच आठवड्यांत दोन किलोकडे जाणारा ब्रॉयलर, पोटात पाणी भरून उताणा पडलेला. मागच्या थंडीत रोज सकाळी तेच उचलत होतो. कंपनीचा सुपरवायझर म्हणतो, पक्षी मरतात ते तुमच्यामुळे. पिल्लं त्यांची, खाद्य त्यांचं, आणि पैसे कापणार आमच्या हिशोबातून.

रानपिंगळा: दादा, विषय वटवाघळांचा आहे. आणि तो फुप्फुसाचा दोष नाही, माणसाने वजनासाठी कोंबडी बिघडवली. रानकोंबडीला कधी पोटात पाणी झालेलं पाहिलंय?

शेडवरचा: ताई, रानकोंबडीवर माझं कर्ज फिटत नाही. रात्री पिल्लांना ऊब द्यायला ब्रूडर लावून शेडमध्ये बसा, अमोनियाने डोळे चुरचुरले की मग मला विषय शिकवा.

उंच घार: यांना गप्प करू नका, मुद्दा बरोबर आहे. पक्ष्याचं फुप्फुस बरगड्यांना घट्ट चिकटलेलं, ते फुगत नाही. आतल्या केशवाहिन्याही फारशा रुंदावत नाहीत. मांस झपाट्याने वाढलं, वर थंडी, की ऑक्सिजनची मागणी वाढते. हृदय त्याच अरुंद वाटेने जास्त रक्त रेटतं, उजवी बाजू थकते आणि पाणी पोटात उतरतं. पण रानपिंगळा यांचंही खरं आहे, हा भार निवड पैदाशीने टाकला.

गुहावाट: म्हणजे तुमच्या लाडक्या फुप्फुसालाही मर्यादा आहे, हे तुम्हीच लिहिलंत. वटवाघळाला मात्र एका शब्दात मोडीत काढलंत.

उंच घार: बरं, ‘जेमतेम’ मागे घेतो. सखल भागात वटवाघूळ पक्ष्याला हार जात नाही. पण ६,००० मीटरवर पैज पक्ष्यावरच लावीन, आणि त्यात तडजोड नाही.

गुहावाट: तेवढं चालेल. पण उंदराची तुलना पुन्हा आणू नका.

शेडवरचा: थंडीत माझ्या शेडचे पडदे किती लावायचे, ते कोणी सांगणार आहे का?

रानपिंगळा: मघाशी मी तोडून बोलले, राग नको. माझ्या भावाचीही शेड आहे. ऊब राहावी म्हणून तो पडदे रात्रभर गच्च बांधायचा, डॉक्टरांनी वरून फूटभर उघडे ठेवायला लावले. वास कोंडत नाही आणि गार वारा थेट पिल्लांवर येत नाही. खाली अंथरलेलं तूस ओलं झालं की रोज काढा. आणि मेलेली कोंबडी डॉक्टरांकडून उघडून घ्या, कारण लेखी मागा. सुपरवायझरपुढे तोच कागद ठेवा.