चौघांच्या कुटुंबाला नेमकं किती कार्पेट एरिया (घराच्या बाहेरच्या भिंतींच्या आतली जागा) लागतो?

मोजपट्टी:
दोन प्रौढ, 13 वर्षांची मुलगी, 9 वर्षांचा मुलगा. एकाचं काम पूर्णवेळ घरून. समोर 650 चौरस फूट कार्पेटचा नकाशा आहे, तीन झोपायच्या खोल्या दाखवलेला. माणशी किती चौरस फूट धरावेत? 650 पुरतील की दोनच खोल्या मोठ्या करून घ्याव्यात?

ओळंबा:
माणशी आकडा सोडून द्या. स्वयंपाकघर एकट्यालाही लागतं आणि चौघांना काही चौपट लागत नाही. आधी खोल्या मोजा. युरोस्टॅटचा (युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय) घरातल्या दाटीचा निकष इथे उपयोगी आहे: कुटुंबाला मिळून एक खोली, जोडप्याला एक, 18 वर्षांवरच्या प्रत्येक एकट्या व्यक्तीला एक, 12 ते 17 मधल्या एकाच लिंगाच्या दोघांना मिळून एक (जोडी जमत नसेल तर स्वतंत्र), 12 खालच्या दोघांना मिळून एक. तुमच्या चौघांना या हिशोबाने 4 खोल्या. म्हणजे नकाशातली तीन-अधिक-हॉल ही मांडणी बरोबर आहे.

आता प्रत्येक खोली सामानावरून काढा. पलंग 5 × 6.5 फूट. दोन्ही बाजूंना 2-2 फूट, म्हणजे रुंदी 9. पायथ्याशी 3 फूट मोकळे आणि मग 2 फूट खोल कपाट, म्हणजे लांबी 11.5. झाले 104 चौ. फूट. पलंग एका भिंतीला लावला तर 2 फूट वाचतात, पण आतल्या माणसाला रोज दुसऱ्याला ओलांडून उतरावं लागतं. मुलांची खोली 7 × 10 बसेल असं वाटतं आणि तिथेच फसगत होते: पलंग 3, टेबल 2, मधे उरतात 2, आणि खुर्ची मागे सरकवायलाच अडीच-तीन लागतात. 8 × 10 घ्या, दोन्ही मिळून 160. समोरासमोर ओट्यांचं स्वयंपाकघर 2 + 3.5 + 2 = 7.5 रुंद, 9 लांब: 68. हॉल 110, चौघांचं जेवणाचं टेबल खुर्च्यांसकट 34, न्हाणीघर आणि वेगळा संडास मिळून 43, कपडे धुण्याची जागा 15, अडगळ 20. बेरीज 554. त्यावर पॅसेज आणि आतल्या भिंतींचे 10 ते 15 टक्के: 610 ते 637.

मोजपट्टी:
म्हणजे 650 मध्ये बसतं. पण यात कामाचं टेबल कुठे आहे?

ओळंबा:
नाहीये. 4 फुटी टेबल खुर्चीसकट 4 × 5 = 20 घेतं, तेव्हा बेरीज 574 आणि एकूण 631 ते 660. पॅसेज आखूड असेल तरच जमेल.

बिजागरी:
आकडे ठीक, पण दारं कुणी मोजली नाहीत. अडीच फुटी पल्ला उघडताना जवळपास 5 चौ. फूट पाव-वर्तुळ अडवतो, आणि तिथे काहीच ठेवता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे एकाच खोलीला समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन दारं: मधून तीन फुटी वाट जाते आणि 10 × 10 ची खोली म्हणजे दोन त्रिकोण उरतात. नकाशावर दारांची जागा बदलून घेणं भिंत सरकवण्यापेक्षा सोपं असतं, तेवढं तरी मागून घ्या.

कामाचं टेबल हॉलमध्ये टाकू नका. दिवसभर फोनवर बोलणारा माणूस आणि अभ्यास करणारी मुलं यांच्यात जागा कमी पडत नाही, दार कमी पडतं. तेही भरीव हवं. पोकळ फ्लश डोअर आवाज फारसा अडवत नाही, खालची फट तर अजिबात नाही. मोठ्यांच्या खोलीत, कपाट सरकत्या दाराचं करून, टेबल बसवा. सरकत्या दारासमोर अडीच फूट पुरतात. मात्र कपाट दोन-तीन इंच जास्त खोल होतं, कारण दोन पल्ले एकामागे एक चालतात.

फळीवाला:
अडगळीला 20 म्हणालात, ते चौघांना तेव्हाच पुरेल जेव्हा फळ्या जमिनीपासून छतापर्यंत असतील. आणि त्या फळ्या एक-दीड फूटच खोल ठेवा. दोन फुटी फळीवर मागच्या रांगेतलं दिसत नाही, मग तेच सामान पुन्हा विकत घेतलं जातं. बॅगा तेवढ्या माळ्यावर. हँगरला मात्र 2 फूट खोल कपाट लागतंच. त्याखाली गेलात तर दार बाह्यांवर आपटतं.

ताबा मिळाल्यावर फर्निचर सांगण्याआधी मास्किंग टेपने पलंग, टेबल, कपाट जमिनीवर आखा. कपाटांची दारं उघडल्याची रेषाही काढा. मग दोघांनी एकाच वेळी त्या टेपमधून ये-जा करून बघायची. खांदे घासले तर ती वाट अरुंद आहे.