चादरींच्या दुकानातील साध्या मॉनिटरला टचस्क्रीन किट बसवण्याबाबत

प्रश्न – अक्कलकोट रस्ता, सोलापूर

नमस्कार. आमचे चादरी आणि टॉवेलचे छोटे दुकान असून त्यामागेच यंत्रमागांची शेड आहे. बाहेरगावचे व्यापारी येतात तेव्हा त्यांना साडेतीनशेच्या आसपास नक्षी दाखवाव्या लागतात. प्रत्येक चादर उलगडून दाखवणे शक्य नसल्याने आम्ही सर्व नमुन्यांची छायाचित्रे संगणकावर ठेवली आहेत. परंतु माऊस एकाच्या हाती आणि पाहणारे चौघे अशी स्थिती होते, आणि माझ्या वडिलांना तर माऊस अजिबात जमत नाही. त्यांना बोटाने चित्र पुढे सरकवता आले, तर गेली चाळीस वर्षे जसे ते स्वतः गिऱ्हाइकाशी बोलत माल दाखवत आले तसेच पुढेही दाखवू शकतील, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मॉनिटर साडेएकवीस इंची, साधा एलईडी आहे आणि संगणकावर विंडोज १० आहे. चांगला चालणारा मॉनिटर काढून टच असलेला नवा घेण्यापेक्षा त्याच मॉनिटरवर बसणारे किट घ्यावे असा विचार आहे. त्यातील कोणता प्रकार घ्यावा, आणि पडद्याला त्यापासून काही इजा होते का? काउंटर पश्चिमेकडील दाराजवळ आहे, हेही सांगून ठेवतो.

उत्तर – संगणक दुरुस्ती, नवी पेठ

सर्वप्रथम मोजपट्टी घेऊन पडद्यावर जेवढ्या भागात प्रत्यक्ष चित्र दिसते तेवढाच भाग मोजावा; बाहेरील प्लॅस्टिकची चौकट धरू नये. केवळ इंचांवर विसंबून मागवलेले किट परत करण्याची वेळ माझ्याकडील अनेक गिऱ्हाइकांवर आली आहे. साडेएकवीस इंची, १६:९ (रुंदी:उंची) प्रमाणाच्या पडद्याचे चित्र सुमारे ४७.६ सेंमी रुंद आणि २६.८ सेंमी उंच असते, तर १६:१० प्रमाणाच्या जुन्या बावीस इंची पडद्याची रुंदी जवळपास तेवढीच, पण उंची साधारण २९.६ सेंमी असते. रुंदी जुळली म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाची फसगत उंचीत होते.

बाजारात सहज मिळते ती इन्फ्रारेड फ्रेम. या चौकटीच्या दोन बाजूंना डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडणारे बारीक दिवे आणि त्यांच्या समोरच्या दोन बाजूंना तो प्रकाश टिपणारे सेन्सर असतात. त्यामुळे पडद्याच्या किंचित वर आडव्या-उभ्या किरणांची जाळी तयार होते आणि बोटाने त्यातील जे किरण अडतात त्यांवरून बोटाची जागा ठरते. बोट पडद्याला टेकण्यापूर्वीच स्पर्श नोंदला जात असल्याने जोर लावावा लागत नाही. तरीही मॉनिटरच्या पडद्याचा पृष्ठभाग मऊ असतो आणि वारंवार दाबल्यास रंगांच्या लाटा उमटतात, त्यामुळे अनेक जण वेगवेगळ्या सवयींनी हात लावणार असतील तर काच असलेलीच फ्रेम घ्यावी.

जोडणी सोपी आहे. मॉनिटरच्या एचडीएमआय किंवा व्हीजीएच्या तारेतून चित्र जाते, स्पर्शाची माहिती जात नाही. म्हणून फ्रेमची यूएसबी तार वेगळी संगणकाला जोडावी लागते. विंडोज ७ पासून बहुस्पर्शाची (एकाच वेळी अनेक बोटे ओळखण्याची) सोय विंडोजमध्येच असल्यामुळे बहुतेक फ्रेमना वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) लागत नाही.

उत्तर – टॉवेल कारखाना, सोलापूर

वरील माहिती बरोबर आहे, परंतु मागांची शेड दुकानाला लागून आहे ही गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून स्वतःचा अनुभव सविस्तर लिहिते. आम्ही पॅकिंग विभागात अशीच फ्रेम बसवली होती. पहिले तीन आठवडे ती उत्तम चालली. त्यानंतर मात्र कोणी हात न लावता चित्रे आपोआप पुढे सरकू लागली आणि एका कोपऱ्यात बोट ठेवले की दुसरीकडेच काहीतरी उघडू लागले. संगणकात बिघाड आहे असे समजून आम्ही विंडोजसुद्धा नव्याने टाकले. शेवटी कारण सापडले ते खालच्या पट्टीत: सुताचे बारीक तंतू तिच्यावर साचून किरण अडवत होते, आणि फ्रेमच्या दृष्टीने तंतू आणि बोट यांत काहीच फरक नव्हता. वरच्या पट्टीवर काही साचत नाही. खालच्या पट्टीचे तोंड वर असल्याने सगळे तिथेच येऊन बसते. तेव्हापासून रोज सकाळी मऊ कोरड्या ब्रशने ती पट्टी झाडण्याचे काम एकाकडे सोपवले आहे आणि तक्रार थांबली आहे.

पश्चिमेच्या दाराबाबतही सावध राहावे, कारण उन्हात इन्फ्रारेड प्रकाश भरपूर असतो आणि संध्याकाळचे तिरपे ऊन थेट सेन्सरवर पडले तर स्पर्श नीट ओळखला जात नाही. शिवाय आमची फ्रेम दुहेरी टेपने चिकटवलेली होती आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ती एका बाजूने सुटली; आता ती बाजूंनी पट्ट्या लावून धरली आहे.

प्रश्नकर्ता

ताई, आपले मनःपूर्वक आभार. तंतूंचा मुद्दा माझ्या ध्यानातही आला नव्हता. चित्राचे माप घेतले, ते ४७.६ बाय २६.८ सेंमीच भरले. मग धुळीचा त्रास न होणारा दुसरा प्रकार घ्यावा का? आणखी एक अडचण म्हणजे त्याच संगणकाला बिलासाठी दुसरा मॉनिटरही जोडलेला आहे.

उत्तर – संगणक दुरुस्ती, नवी पेठ

दुसरे दोन प्रकार आहेत. रेझिस्टिव्ह पडद्यात दाबाने दोन पातळ थर एकमेकांना टेकतात. त्याला तंतूंचा त्रास नाही, पण त्या थरांमुळे चित्र मंद दिसते आणि साध्या चार तारांच्या प्रकारात दोन बोटांनी चित्र मोठे करता येत नाही. आपल्या व्यवसायात व्यापारी पडद्यावर पाहून रंग ठरवणार, त्यामुळे रंग फिका करणारी कोणतीही वस्तू मी सुचवणार नाही. कॅपेसिटिव्ह काच मोबाइलसारखी चालते आणि चित्रही चांगले दिसते; मात्र ती जास्त महाग पडते आणि मॉनिटरची वीज नीट अर्थिंग केलेली नसेल तर तीही आपोआप स्पर्श नोंदवते. अर्थिंगची खात्री असेल आणि खर्च परवडत असेल, तर शेडला लागून असलेल्या जागेत तीच योग्य.

दोन मॉनिटरबाबत: विंडोज स्वतःहून स्पर्श मुख्य पडद्याशी जोडते, त्यामुळे नक्षीच्या पडद्यावर लावलेले बोट बिलाच्या पडद्यावर उमटू शकते. कंट्रोल पॅनेलमधील ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’ उघडून ‘सेटअप’वर जावे, पडद्यावर सूचना दिसेल, त्यानुसार ज्या पडद्यावर टच बसवला आहे त्याला बोट लावावे. दुसऱ्या पडद्यावर सूचना आली तर एंटर दाबून पुढे जावे.

मॉनिटर मूळच्या स्टँडवर ठेवू नये, कारण बोट लावताच तो मागे डुलतो. मागे ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चार स्क्रूची छिद्रे असतील तर भक्कम स्टँडवर, थोडा मागे कललेला बसवावा. ताठ उभ्या पडद्याकडे सतत हात उचलून धरल्यास खांदा दुखतो, आणि आपल्या वडिलांचा विचार करता ही गोष्ट टाळलेली बरी.

प्रश्नकर्ता

खर्चाचा विचार करून काच असलेली इन्फ्रारेड फ्रेम घेण्याचे ठरवले आहे, परंतु ती काउंटरवर बसवणार नाही. शेडपासून दूर, रस्त्याच्या बाजूला आमची बैठकीची खोली आहे. तिला पश्चिमेला दार किंवा खिडकी नाही आणि व्यापारी चहाला तिथेच बसतात. मॉनिटर तिथे हलवण्यासाठी लांब यूएसबी तार लागेल की संगणकच हलवावा?

उत्तर – टॉवेल कारखाना, सोलापूर

संगणकच हलवावा. यूएसबीची साधी तार पाच मीटरपलीकडे खात्रीने चालत नाही, आणि बिलासाठी एखादा जुना लॅपटॉप काउंटरवर ठेवला तर दोन मॉनिटरचा प्रश्नही उरणार नाही. ब्रश मात्र त्या खोलीतही ठेवावा. माणसांच्या कपड्यांवरून सूत तिथेही येतेच.