केंदामातली ‘मधली’ तळाशी कशी?

प्रश्न:
मुलाला वाढदिवसाला जपानी केंदामा मिळाला. लाकडी दांडा, त्यावर आडवा बसवलेला तुकडा, आणि दोरीच्या टोकाला भोक पाडलेला चेंडू. तो उडवून दांड्यावरच्या खोलगट जागांवर किंवा टोकावर घ्यायचा. सोबतच्या कागदावर भागांची नावं आहेत: ओझारा, कोझारा, चूझारा, केनसाकी. अर्थ शोधले तर मोठी थाळी, लहान थाळी, मधली थाळी आणि तलवारीचं टोक असे निघाले. पण ही ‘मधली’ तर दांड्याच्या पार बुडाशी आहे! माझा अर्थ चुकतोय का? आणि मराठीत हे सगळं कसं बोलायचं? ‘उडव आणि त्या खिळ्यात अडकव’ असं सांगून माझंच समाधान होत नाही.

उत्तर:
अर्थ बरोबर आहे. तुम्ही ‘मधली’ जागेवरून धरलीत, जपानी लोक ती आकारावरून धरतात. आडव्या तुकड्याच्या एका बाजूला सगळ्यात मोठी, दुसऱ्या बाजूला सगळ्यात लहान आणि बुडाची या दोन्हींच्या मधल्या मापाची. आपल्याकडे तीन जावांतली मधली कुठे दोघींच्या मधोमध उभी असते? थोरली, मधली, धाकटी म्हणा, गोंधळ संपला. फक्त ‘थाळी’ नको. ‘सारा’ म्हणजे जेवणाच्या टेबलावरची उथळ बशी. थाळी फार मोठी होते आणि वाटी फार खोल. थोरली बशी, मधली बशी, धाकटी बशी. सुटा शब्द ‘सारा’, आधी ‘ओ’ लागला की ‘झारा’. तसंच सुटा ‘तामा’ म्हणजे चेंडू, पण केनला जोडून आला की ‘दामा’. जगत् + ईश = जगदीश होताना ‘त’चा ‘द’ होतो, त्याच्या जवळचंच हे. म्हणून लिहिताना केंदामा. ‘केंडामा’ हा इंग्रजीतून फिरून आलेला उच्चार आहे. आणि कृपा करून ‘केंदमा’ नको, लगेच दम लागतो.

दुसरा प्रतिसाद:
‘केन’ म्हणजे तलवार हे अर्धंच खरं. हा शब्द दोन वेगवेगळ्या चित्राक्षरांनी लिहिलेला सापडतो. एकात केन म्हणजे तलवार, दुसऱ्यात मूठ. मुठीचा ‘केन’ म्हणजे हाताने खेळायचे बैठे खेळ. जानकेन (आपलं दगड-कागद-कात्री) यातला केन तोच. १८०९ सालच्या एका जपानी पुस्तकात हा खेळ आला आहे तो दारूच्या बैठकीतला खेळ म्हणून. चेंडू झेलता आला नाही तर प्यायची! फ्रान्समध्ये याचाच भाऊबंद ‘बिल्बोके’ सोळाव्या शतकापासून खेळत. आजचा दोन बशांचा आडवा तुकडा मात्र बराच अलीकडचा. हिरोशिमाजवळच्या कुरे गावच्या एगुसा हामाजी यांनी १९१९ मध्ये तो घाट नोंदवला, तेव्हा नाव होतं ‘निचिगेत्सु बॉल’, म्हणजे सूर्यचंद्र चेंडू. चेंडू सूर्य, बशी चंद्रकोर. पुढे १९२१ पासून हात्सुकाइची गावात ते बनू लागले. आता तिथेच केंदामाची जागतिक स्पर्धा भरते.

पहिल्या उत्तराचे लेखक पुन्हा:
नावांचं ठीक, पण प्रश्नातली खरी अडचण क्रियापदाची आहे. ‘अडकव’ हे सगळीकडे चालणार नाही. मी मुलांना शिकवतो तेव्हा तीन क्रियापदं वापरतो. बशीवर चेंडू *पेलायचा*. ‘झेल’ म्हटलं की मुलं क्रिकेटसारखी हाताने झडप घालतात. ‘पेल’ म्हटलं की आपोआप गुडघे वाकतात आणि चेंडू खाली येत असताना बशीही त्याच्याबरोबर थोडी खाली जाते. खरी मेख तिथेच आहे, मनगटात नाही. टोमे-केन या डावात चेंडू सरळ वर ओढून टोकावर *ओवायचा*, सुईवर मोगऱ्याचं फूल ओवतात तसा. टोक जागेवर, भोक खाली येतं. आणि हिकोकी, म्हणजे ‘विमान’, या डावात उलट. चेंडू हातात, भोक वर, लोंबणारा दांडा पुढे झुलवून टोक भोकात *खोचायचं*. कोण हलतंय आणि कोण स्थिर आहे, हे या दोन क्रियापदांतच आलं.

आणखी एक:
टोकाला ‘आर’ का नाही? भोवऱ्याला असतेच की.

तेच लेखक:
आर म्हणजे लोखंडाची, भोवऱ्यात ठोकलेली. इथलं टोक लाकडाचं आणि दांड्याचाच भाग. ‘टोक’ पुरे. तसंही आमच्या गल्लीतली पोरं ‘स्पाइक’ म्हणतात. मी त्यांच्याशी भांडत नाही.

दुसरा प्रतिसाद, पुन्हा:
डावांच्या नावांचंही तेच करा. रोसोकु (मेणबत्ती, टोक बोटांत धरून उलट्या दांड्याच्या मधल्या बशीवर चेंडू पेलायचा), तोदाई (दीपगृह, हातातल्या चेंडूवर दांडा सरळ उभा करायचा), उगुइसु हा एक गाणारा पक्षी (चेंडूच्या भोकाची कड थोरल्या बशीच्या काठावर आणि अंग टोकाला रेललेलं). ही चित्रं आहेत, मराठीत सहज सांगता येतात. पण ‘मोशिकामे’ नका भाषांतरू. मधल्या आणि थोरल्या बशीवर आळीपाळीने चेंडू नाचवायचा, ठेका ससा-कासवाच्या गाण्याचा, आणि नाव त्या गाण्याच्या पहिल्याच शब्दांतून. ‘मोशी मोशी’ म्हणजे अहो अहो, ‘कामे’ म्हणजे कासव. अर्थ विरला तरी ठेका राहतो. विटीदांडूत आपण वकट, लेंड, मुंड, नाल म्हणत होतोच. ते तेलुगूतले एक, दोन, तीन, चार आहेत हे कुणाला ठाऊक होतं?

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे आभार. ‘ओव’ म्हटल्यावर चिरंजीव आधी सुई शोधायला निघाले होते. मोगऱ्याचं उदाहरण दिलं तेव्हा कळलं. टोकावर अजून एकदाही नाही, पण पेलणं जमतंय. काल सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, ‘कोण रे सारखं थोरली-धाकटी, थोरली-धाकटी करतंय?’ मी मधली सून.