मदत हवी आहे: किल्ट (स्कॉटिश पुरुष नेसतात तो निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घोळ) घ्यायचाय, लोकरीचा घेऊ की पीव्हीचा (पॉलिस्टर-व्हिस्कोस)? (ग्लासगो, बजेट १५० पौंड)

नमस्कार मंडळी,

ग्लासगोत येऊन पाच वर्षं झाली. इथला माझा सगळ्यात जवळचा मित्र ऑक्टोबरमध्ये इथल्याच, स्कॉटलंडमधल्या पर्थजवळ लग्न करतोय आणि त्याने मला अशर व्हायला सांगितलंय, म्हणजे आपल्याकडे मांडवाच्या दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करतात, जागेवर नेऊन बसवतात, तसं. सगळे अशर किल्टमध्ये. तो म्हणाला तू भाड्याने घे, सगळेच घेतात, वाटलं तर सूट घाल, कोणी काही म्हणणार नाही.

पण मला स्वतःचा घ्यायचाय. कारण सांगतो. माझ्या लग्नाला हा साताऱ्याला आला होता, तेव्हा आम्ही त्याच्यासाठी रेडिमेड धोतर आणून ठेवलेलं, इलॅस्टिकवालं, पायजम्यासारखं चढवायचं. त्याला ते नको होतं. आदल्या रात्री माझ्या काकांसमोर अर्धा तास उभा राहून खरं धोतर नेसायला शिकला, तीनदा सुटलं, चौथ्यांदा बसलं आणि दुसऱ्या दिवशी पंगत उठेपर्यंत जागचं हललं नाही. काका अजून त्याची चौकशी करतात. त्यामुळे त्याच्या लग्नात मी काहीतरी अंगावर चढवून उभा राहिलो तर मलाच बरं वाटणार नाही.

आता अडचण. पारंपरिक किल्टला आठ यार्ड कापड लागतं, म्हणजे आपली नऊवारी तशी ही आठवारीच म्हणा, फरक एवढाच की निऱ्या सगळ्या मागे आणि त्या कायमच्या शिवलेल्या. नवा, मापाने शिवलेला, अस्सल लोकरीचा आठ यार्डी इथल्या दुकानात विचारला तर पाचशे पौंडांच्या पुढे सांगतात, वर जॅकेट, स्पोरन (पुढे कमरेला लटकवायची पिशवी), मोजे, बूट वेगळे. एवढे नाहीत माझ्याकडे. जॅकेट आणि बूट भाड्याने घेईन, पण किल्टला १५० च्या वर जाणं कठीण आहे.

मागच्या महिन्यात ऑनलाइन एक ४५ पौंडांचा मागवला आणि पस्तावलो. वर्णनात 'अ‍ॅक्रिलिक वूल' लिहिलेलं, मी त्यातला फक्त वूल वाचला. आल्यावर वजन केलं तर नऊशे ग्रॅम भरला. निऱ्या इस्त्री केल्यावर छान दिसतात, पण खुर्चीत वीस मिनिटं बसून उठलं की मागे सगळा चुरगळा, आणि निरी उलगडून बघितली तर आत जेमतेम दीड इंच कापड. चौकड्यांचं डिझाइनही निरीनिरीला जुळत नाही, एका निरीवर लाल रेघ मधोमध, पुढच्यावर कडेला. आणि माप चुकलं ते माझंच, मी जीन्सचं ३४ कळवलं, किल्ट तर नाभीवर बांधतात आणि तिथे मी ३७ निघालो. पट्टा लागतच नाही. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला.

तर माझे प्रश्न:

पीव्हीचा साधारण १२०-१३० पर्यंत मिळतोय. तो लग्नात चालेल का, की लांबूनच कळतं? जुना लोकरीचा घेतला तर त्यात काय काय तपासायचं? १३ औंस, १६ औंस हे काय प्रकरण आहे? आणि मी कुठल्याच क्लॅनचा, म्हणजे स्कॉटिश घराण्याचा नाही, तर टार्टन, म्हणजे चौकड्यांचं डिझाइन, कुठलं घ्यावं की कोणाला खटकणार नाही?

कोणी इथे राहून हे केलं असेल तर प्लीज सांगा. ऑक्टोबरला वेळ आहे पण शिवून घ्यायचा म्हटला तर काही आठवडे सहज जातात.

---

प्रतिसाद (एडिनबरा)

दादा, आधी टार्टनचं सांगतो कारण त्याचीच उगाच भीती वाटते. कोणी कुठलं टार्टन घालावं याचा कायदा वगैरे काही नाही. तरी क्लॅनचं नको वाटत असेल तर ब्लॅक वॉच घ्या, गडद निळा-हिरवा-काळा, मूळचं सरकारी पलटणीचं म्हणून त्याला गव्हर्नमेंट टार्टनही म्हणतात, कोणालाही चालतं. किंवा आयल ऑफ स्काय, जांभळट-हिरवं, तेही कोणा एका घराण्याचं नाही. स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स म्हणून सरकारी नोंदवही आहे, २००९ पासून, ऑनलाइन फुकट शोधता येते, त्यात नाव टाकून कोणतं टार्टन कोणाचं ते बघता येतं. पण सगळ्यात सोपं म्हणजे मित्रालाच विचारा, अशर लोकांचं एकसारखं ठरलेलं असेल तर प्रश्नच मिटला.

आता औंस. ते कापडाच्या एका यार्डाचं वजन, पूर्ण पन्ह्याचं. किल्टचं कापड दुप्पट पन्ह्याचं येतं, साधारण दीड मीटर, ते मधून उभं कापून चार यार्डाचे आठ यार्ड करतात. म्हणून १६ औंसाचा आठ यार्डी किल्ट म्हणजे ६४ औंस, जवळजवळ १.८ किलो नुसतं कापड. १३ औंसाचा दीड किलोच्या आसपास. तुमच्या नऊशे ग्रॅमवाल्याच्या निऱ्या का बसत नाहीत ते यातच आलं. निऱ्या वजनाने खाली पडतात, इस्त्रीने नाही. १०-११ औंसवाले असतात ते उन्हाळ्याला आणि बजेटला बरे, पण इथल्या वाऱ्यात उडतात.

आणि नवा घेऊच नका. भाड्याने देणारी दुकानं जुना माल विकून टाकतात, एक्स-हायर म्हणून विचारा. चॅरिटी शॉपमध्येही चकरा मारा.

---

प्रतिसाद (इचलकरंजी)

मी स्कॉटलंड बघितलं नाही पण कापडात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. पीव्ही म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडे भीलवाड्याचं सूटिंग येतं ते बहुतेक तेच असतं, शाळेच्या पँटी आणि ऑफिसच्या पँटी निम्म्या भारताने त्याच घातल्यात. साधारण ६५ टक्के पॉलिस्टर, ३५ टक्के व्हिस्कोस. पॉलिस्टर घडी धरून ठेवतं, व्हिस्कोसमुळे हाताला मऊ लागतं आणि लोकरीसारखं पडतं. मशीनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही. अ‍ॅक्रिलिक वेगळं, ते स्वेटरचं सूत, त्याच्यावर गोळे येतात आणि घडी टिकत नाही. दोन्हीला लोक सिंथेटिक म्हणतात म्हणून घोटाळा होतो.

लोकरीचं म्हणाल तर किल्टची लोकर घोंगडीसारखी टोचरी नसते. ते वर्स्टेड, म्हणजे विंचरून लांब तंतू ठेवून कातलेलं घट्ट पिळाचं सूत, भारी सूटचं कापड असतं तेच, फक्त जाड. लोकर घाम वाफेच्या रूपात आत घेते आणि तरी ओली लागत नाही. पॉलिस्टरला ते जमत नाही.

लेबलवर विश्वास ठेवू नका. आतल्या शिलाईतून कापडाचा एक धागा काढा, शिलाईचा दोरा नव्हे, चिमट्यात धरून मोरीत जाळा. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो, आग बाजूला केली की आपोआप विझते आणि राख बोटात चुरली जाते. वितळून टोकाला कडक मणी झाला तर सिंथेटिक आलं.

---

प्रतिसाद (अ‍ॅबर्डीन)

माझ्या मुलाला शाळेच्या पाइप बँडसाठी पीव्हीचा घेतलाय, तीन वर्षं झाली, चिखल, पाऊस, सॉस सगळं झालं, थंड पाण्यात धुऊन टांगते, निऱ्या अजून जागेवर. मुलांना तोच बरा. पण लग्नाच्या केलीत, म्हणजे इथल्या सामूहिक नाचात, नाचायचं असेल तर लोकरच बघ रे, स्ट्रिप द विलो हा नाच सुरू झाला की माणूस घामाने निथळतो, आणि गिरकी घेताना वजनदार किल्ट जसा फिरून परत अंगाशी येतो तसा हलका येत नाही.

जुना घेताना चार गोष्टी बघच. खिडकीसमोर धरून कसरीची भोकं बघ, विशेषतः निऱ्यांच्या आत, ती वरून दिसत नाहीत. निरी उलगड, आत चौकडीच्या डिझाइनचं एक पूर्ण आवर्तन बसायला हवं, म्हणजे कापडात कंजुषी केलेली नाही. खालच्या काठाला दुमड नको, चांगल्या लोकरीच्या किल्टची खालची कड म्हणजे कापडाची स्वतःची किनार असते, साडीसारखी. आणि वरचा भाग, कमरेपासून नितंबापर्यंत निऱ्या शिवलेल्या असतात तो, आतून उलटून कॅनव्हास घातलाय का बघ. त्याच्याशिवाय दोनचार वेळा नेसला की कंबर ढिली पडते. पट्ट्याचं कातडं तडकलेलं असेल तर घाबरू नकोस, ते बदलता येतं, बक्कलही एखाद इंच सरकवता येतात.

माप: टेप नाभीवर, पोट आत न ओढता. मग नितंबाच्या सगळ्यात रुंद जागी. लांबी नाभीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत, आणि ती दुसऱ्याला घ्यायला लाव, स्वतः वाकून घेतलीस की चुकणार. खात्री करायची तर गुडघ्यांवर ताठ बस, कड जमिनीपासून इंचभर वर राहायला हवी.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मित्राला विचारलं, अशर लोकांना ब्लॅक वॉच ठरलंय, त्याने उलट विचारलं की तू खरंच घेतोयस का, आणि मग थोडा वेळ काही बोललाच नाही.

शनिवारी तीन दुकानं फिरलो. पहिल्यात पीव्हीचा नेसून बघितला, ब्लॅक वॉच, १२५ पौंड. इचलकरंजीच्या काकांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं, वाईट अजिबात नाही, आरशात मला स्वतःला फरक कळला नसता. पण हात लावला की कळतं, जरा चकचकीत आणि गार लागतं, आणि चालताना मागे हालचालच होत नाही, पडद्यासारखा सरळ राहतो. लग्न एवढ्यात नसतं किंवा दर आठवड्याला वापरायचा असता तर तिथेच घेतला असता.

तिसऱ्या दुकानात एक्स-हायरचा रॅक होता. १६ औंस, आठ यार्ड, ब्लॅक वॉच, ११० पौंड. खिडकीशी नेऊन निरी निरी उघडून बघितली, दुकानातल्या बाईंनी स्वतःच दिवा आणून धरला. आतल्या बाजूला एक भोक सापडलं, मसुराच्या दाण्याएवढं, निरीच्या खोल भागात, नेसल्यावर दिसणार नाही. त्यांनी ते रफू करून द्यायचं कबूल केलं. काठाला किनार आहे, दुमड नाही. आत कॅनव्हास आहे. प्रत्येक निरीवर चौकडी जुळते, निऱ्या मिटलेल्या असताना मागून बघितलं तर कापडाला निऱ्या घातल्यात की नाही हेच कळत नाही, सलग वाटतं. कमरेला इंचभर घट्ट होता, दोन्ही बाजूंचे बक्कल सरकवून मिळणार, वर १५ पौंड. म्हणजे १२५ मध्ये काम झालं.

आतल्या शिलाईतून धागा मागितला तर बाईंनी विचारलं कशाला, सांगितल्यावर स्वतःच कात्रीने काढून दिला. घरी मोरीत चिमट्यात धरून जाळला. अगदी जळक्या केसांचाच वास. मग त्या ४५ पौंडवाल्याचाही धागा काढून जाळला, तो पेटला, काळा धूर झाला आणि टोकाला कडक काळा मणी राहिला.

आता एकच विचारायचंय अ‍ॅबर्डीनच्या ताई, पर्थला ट्रेनने बॅगेत न्यायचाय. घडी घालून नेला तर निऱ्या मोडतील का? आणि नंतर कसर लागू नये म्हणून काय करता? आई पैठणीजवळ कडुनिंबाचा पाला ठेवायची पण तो इथे मिळत नाही.

---

प्रतिसाद (अ‍ॅबर्डीन)

फार छान झालं रे. बॅगेत भरण्याआधी निऱ्यांच्या खालच्या भागात कच्चे टाके घाल, पांढऱ्या दोऱ्याने, आडवे, प्रत्येक निरी शेजारच्या निरीला धरेल असे, दोन ओळी पुरे. मग उभी गुंडाळी कर, घडी नको, आणि जुन्या लांब मोज्याचा पाय कापून त्यात सरकव. तिथे पोचलास की उसव आणि रात्रभर टांगून ठेव, वजनाने आपोआप बसेल. पुढे कधी इस्त्री करायची झाली तरी आधी हेच टाके, आणि वर ओलं फडकं ठेवून, थेट इस्त्री लोकरीवर नको, चमक येते.

नेसून झाला की लगेच कपाटात नको, दोन दिवस हवेवर. धुवायचा नाही, डाग पडला तर तेवढीच जागा गार पाण्याने टिपायची. कसरीला इथे सीडरच्या लाकडाचे तुकडे मिळतात, ते हँगरला अडकव, पण वर्षातून दोनदा बाहेर काढून निऱ्या उघडून झटकणं हा खरा उपाय, किडा अंधारात आणि न हललेल्या कापडात बसतो.

आणि किल्टची पिन (पुढच्या पदरावर लावतात ती) लावशील तेव्हा फक्त वरच्या पदराला लाव, दोन्ही पदर एकत्र टोचू नकोस, बसताना कापड फाटतं. बसण्याआधी मागच्या निऱ्या दोन्ही हातांनी सारख्या करून घ्यायच्या, हे घरी खुर्चीवर चार दिवस करून बघ.

---

धागाकर्ता

सुरू केलंय आजपासूनच, सध्या जुन्या अ‍ॅक्रिलिकवाल्यावर, पट्टा लागत नाही म्हणून सेफ्टी पिन लावून. नवा गुरुवारी मिळेल. माझ्या काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवणार आहे, त्यांनी आधीच विचारलंय की याला काष्टा असतो का.