बाबांना ‘हेलिओसेंट्रिक’ कुठून ऐकवू?

लष्करवाला (ग्वाल्हेर)
बर्लिनच्या ‘द ओशन’ या मेटल बँडचा २०१० सालचा ‘हेलिओसेंट्रिक’ (म्हणजे सूर्यकेंद्री) अल्बम महिनाभर डोक्यात ठाण मांडून बसलाय. अख्खा अल्बम एकाच कथेवर: बायबलमधलं आकाश, मग सूर्य मध्ये की पृथ्वी हा वाद, आणि शेवटी डार्विन. काल हौसेनं स्पीकरवर लावला. बाबा (वय ७६, निवृत्त गणित शिक्षक, एकादशी चुकवत नाहीत) शेजारी मेथी निवडत होते. गायक गुरगुरायला लागला तसे म्हणाले, “याचा घसा बसलाय का रे?” मग मांडीवर ताल धरायला गेले, सम काही सापडेना, वैतागले. आणि उठता उठता विचारलं, “पण या लोकांचं भांडण नक्की कोणाशी आहे?”
मला धड सांगता आलं नाही. कुठलं गाणं आधी लावू?

सराफ्यातला_रात्रपाळीवाला (इंदूर)
‘टॉलेमी वॉज राँग’ (टॉलेमी म्हणजे पृथ्वी मध्यभागी मानणारा जुना ग्रीक खगोलज्ञ). पियानोवरचं, शांत, गुरगुर नाही. पण आधी गोष्ट सांगा. १६३३ मध्ये सत्तरीला टेकलेल्या गॅलिलिओला रोममध्ये चर्चनं गुडघ्यावर बसवून ‘पृथ्वी फिरते हे मी सोडलं’ असं वदवून घेतलं. पुढे १६४२ मध्ये मरेपर्यंत तो नजरकैदेतच होता. भांडण त्या चर्चशी आहे. ‘हेलिओसेंट्रिक’च्याच वर्षीचा ‘अँथ्रोपोसेंट्रिक’ हा जोडअल्बम घाईत ऐकवू नका, तो जास्त आदळआपट करतो.

दांडियाबाजार (वडोदरा)
आपल्याकडे असलं भांडण कधी नव्हतंच! तुमच्याच ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात शून्य कोरलंय, सन ८७६ चं. देवळातच गणित.

सराफ्यातला_रात्रपाळीवाला
दादा, एवढी कॉलर ताठ नको. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटानं ४९९ मध्येच लिहिलं, नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो तसं. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानंच ते खोडून काढलं: पृथ्वी फिरते तर उंच वस्तू पडत का नाहीत? कोणाला गुडघ्यावर बसवलं नाही हे खरं, पण म्हणणं मागे पडलंच की. आणि आमच्या आईचं काय सांगू, ग्रहण किती वाजता सुटतं ते मोबाइलवर सेकंदापर्यंत बघते आणि तोवर लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्र.

लष्करवाला
शून्याचं बाबांना सांगायला गेलो, तर माझाच तास घेतला. नोकरीत असताना दर वर्षी आठवीची पोरं घेऊन जायचे म्हणे. किल्ल्याच्या चढावर एकाच दगडात कोरलेलं छोटं देऊळ, त्यात लेख. गावानं देवाला फुलबागेसाठी जमीन दिली, २७० हात बाय १८७ हात, आणि रोजच्या ५० माळा. २७० मधलं शून्य बारकंसं, पोरांना बोट ठेवून दाखवावं लागायचं. बाबांचं म्हणणं, ते कोणी शून्याची थोरवी गायला कोरलेलं नाही. माळी फसवू नये म्हणून कोरलंय.
मग गॅलिलिओची गोष्ट सांगितली, ‘टॉलेमी’ लावलं. पूर्ण ऐकलं. समेचा विषय काढला नाही. नंतर चष्मा लावून गाण्यांची यादी वाचली. शेवटची दोन लागोपाठ आहेत: ‘द ओरिजिन ऑफ स्पीशीज’, ‘द ओरिजिन ऑफ गॉड’. त्या दुसऱ्यावर जरा थांबले.
“हे दिवाबत्ती झाल्यावर लाव,” म्हणाले.