सोसायटी ग्रुप, वसई: चर्चजवळची शाळा, सुरुवातीची वर्षं

सी-३०२: चर्चच्या शाळेच्या जुन्या इमारतीचं पाडकाम सुरू झालंय. खिडक्या लावून घ्या सगळ्यांनी, वाळत घातलेले कपडे पण.

बी-२०१: अरेरे. शंभर वर्षांचं कॉन्व्हेंट असेल ना ते?

ए-१०४ काका: शंभर कसली! मी १९६१ला पाचवीत गेलो तेव्हा ती इमारतच नव्हती. चर्चच्या मागे एक पडवी होती, तिथे वर्ग भरायचे. पाचवी आणि सहावीच्या मध्ये भिंत नाही, गोणपाट टांगलेलं. सहावीचा भूगोल चालू असला की आमच्या गणितात मोसमी वारे शिरायचे. जमीन शेणाने सारवलेली, शनिवारी शाळा सुटली की सारवायची पाळी आमचीच. आणि कॉन्व्हेंट वगैरे काही नाही हो, सरळ मराठी माध्यम.

बी-२०१: फादर लोकांची शाळा आणि मराठी?? 😮

ए-१०४ काका: वसईतल्या चर्चच्या जुन्या शाळा बहुतेक मराठीच. इथला ख्रिस्ती माणूस घरी कादोडी बोलणार, नाहीतर वाडवळी. त्या पोरांना पुस्तकातली मराठीच परकी होती, इंग्रजीचं सोडाच. आमचे मास्तर घाटावरचे. त्यांनी उभं करून विचारलं की येत असलेलं उत्तरही तोंडातून बाहेर पडायचं नाही, कारण घरची बोली निघाली तर छडी. मला ते तेव्हाही पटत नव्हतं. लोक जुन्या शाळांची आठवण काढताना हा भाग गाळतात.

बी-४०३ मावशी: छडीचं अगदी खरं, भाऊ. मी तुमच्यापेक्षा लहान, पण त्याच मास्तरांच्या हाताखालून गेले. 😄

अ‍ॅडमिन: पंप दुरुस्तीला माणूस आलाय. बी विंगला दुपारी पाणी नाही.

बी-४०३ मावशी: भरून ठेवलंय. तर मुलींचं सांगते, ते भाऊंना ठाऊक नसणार. चौथी झाली की मुलगी वाडीत कामाला, हे ठरलेलं. दोन सिस्टर दुपारी घरोघर फिरायच्या. आमच्या आजीने त्यांना ओट्यावरच अडवलं. लाल लुगडं खोचलेलं, हातात कोयता. म्हणाली, ही शाळेत गेली तर मोगरा कोण तोडणार? सिस्टर म्हणाल्या, तोडून झाल्यावर पाठवा. मग मोगऱ्याच्या दिवसांत आमच्यासाठी हजेरी दुसऱ्यांदा घ्यायच्या. पहिल्या हजेरीला आमच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक ठिपका, आम्ही आलो की त्यावर शाईने. दादरला जाणाऱ्या फुलांच्या करंड्या भरून आम्ही धावत यायचो, बोटं ओलीच असायची. फळ्याजवळ बसायला मिळायचं नाही, हीच काय ती शिक्षा. आमच्यातल्या दोघी पुढे शिक्षिका झाल्या.

सी-३०२: मावशी, किती छान 🙏 हे कुठेतरी लिहून ठेवा.

डी-१०२: काका, एक विचारू? रागावू नका. तेव्हा धर्म बदलायचा दबाव वगैरे असायचा का?

ए-१०४ काका: रागवायचं काय त्यात. आमच्या वडिलांनी नाव घालतानाच विचारलं होतं. घटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. वडील कचेरीत कारकून, त्यांना असले नियम तोंडपाठ. फादर म्हणाले, ठीक. धर्मशिक्षणाच्या तासाला ख्रिस्ती मुलं चर्चमध्ये जायची, आम्ही चिंचेखाली नीतिपाठाला. नीतिपाठ म्हणजे निम्म्या वेळा आट्यापाट्या. दबाव मी तरी पाहिला नाही. दुसऱ्या कुठल्या गावचं मी सांगणार नाही.

लॅटिन मात्र मला यायचं! माझा बाकावरचा जोडीदार मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, फादरच्या हाताखाली वेदीसेवक होता. मधल्या सुट्टीत पाठांतर माझ्याकडून करून घ्यायचा. मी फादर होऊन म्हणायचो 'दोमिनुस वोबिस्कुम', तो म्हणायचा 'एत कुम स्पिरितू तुओ'. अर्थ दोघांनाही माहीत नाही. मग १९६२ ते ६५ ती व्हॅटिकनची परिषद झाली, पुढे मिस्सा मराठीत आली आणि याचं सगळं पाठांतर फुकट गेलं. महिनाभर धुसफुसत होता.

बी-४०३ मावशी: 😂 पण आमच्या आईला तेव्हा पहिल्यांदा कळलं की फादर वेदीवर नेमकं काय म्हणतात. तिला ते फार आवडलं. आजीला नाही, तिच्या मते देवाला लॅटिनच बरी कळते.

डी-१०२: पोप मुंबईला आले होते ते याच सुमारास ना?

बी-४०३ मावशी: हो, डिसेंबर १९६४. सहावे पॉल. युखरिस्तिक परिषदेसाठी, म्हणजे कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी, ओव्हल मैदानावर. आम्हाला शाळेतून लोकलने नेलं. तेव्हा वसई स्टेशनवर बेसिन रोड लिहिलेलं असायचं. चर्चगेटला उतरल्यावर सिस्टरने दोरी धरायला लावली, एक हात दोरीला, एक हात पुढच्या मुलीच्या फ्रॉकला. पोप? लांब एक पांढरा ठिपका दिसला. दोरी चांगली आठवते.

बी-२०१: पण काका, खरं सांगा, फादर लोक नसते तर इथे शाळा झाली असती का? शिस्त त्यांचीच.

ए-१०४ काका: सुरुवात त्यांनी केली, नाकारत नाही. पण आज पाडताहेत ती इमारत गावाने उभी केली. रेती बैलगाड्यांनी आली, भाडं कोणी घेतलं नाही. सणाला केळीच्या घडांचा लिलाव व्हायचा, ते पैसे कौलांना. रविवारी मिस्सा सुटली की बायका रांगेत उभ्या राहून घमेली पुढे द्यायच्या, आमची आई पण त्या रांगेत, आणि ती काही मिस्साला गेलेली नसायची. दरवाजावरच्या संगमरवरी पाटीवर फक्त फादर आणि मोठे देणगीदार. ती पाटी म्हणे नव्या इमारतीत लावणार आहेत. लावा, पण शेजारी दुसरी एक लावा म्हणून मी कार्यालयात पत्र देऊन आलोय.

बी-४०३ मावशी: मला सांगायचं ना, मी पण सही केली असती.

ए-१०४ काका: या संध्याकाळी. प्रत आहे माझ्याकडे.

बी-२०१: मी पण करतो. पण मुलीला इंग्रजी विभागातच घालणार हं, आधीच सांगतो 😀

ए-१०४ काका: घाला की. माझा नातू तिथेच आहे. त्याला मिरगाचा पाऊस म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागतं, तेवढी तयारी ठेवा.

सी-३०२: विषय निघालाच आहे तर, आमच्या चिरंजीवांना 'वसईची प्रसिद्ध व्यक्ती' असा प्रकल्प दिलाय. चिमाजी अप्पा सगळेच लिहिणार. दुसरं कोणी?

ए-१०४ काका: गोन्सालो गार्सिया. वसईत जन्म, किल्ल्यात जेझुइट पंथाच्या फादरांकडे शिकला. जपानला गेला, पुढे काही काळ व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन पंथाचा ब्रदर झाला. पुन्हा जपानला पाठवलं आणि नागासाकीला २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांत हा. १८६२ला संत म्हणून जाहीर केलं. आमच्या मास्तरांनी हे सांगताना जपान खडूने जमिनीवर काढलं होतं, नकाशाच नव्हता शाळेत.

बी-४०३ मावशी: तारीख नीट लिहायला सांगा त्याला. मारलं ५ फेब्रुवारी १५९७ला, सण ६ तारखेला. मुलं हमखास उलटंसुलटं करतात.

सी-३०२: लिहून घेतलं. किल्ल्याचा फोटो आहे का कोणाकडे? उद्याच द्यायचंय.