जुन्या केस पेपरांवर थीसिस: पेशंटची संमती हवीच का?

केसपेपर_४२:
मेडिकलच्या थीसिसचे प्रोटोकॉल (अभ्यासाचे आराखडे) जमा व्हायला लागले की हा वाद पुन्हा निघतो. माझं मत स्पष्ट आहे. मागच्या पाच वर्षांचे केस पेपर काढून करायच्या अभ्यासात प्रत्येक पेशंटची सही मागणं अव्यवहार्य तर आहेच, शिवाय अभ्यासाचंही नुकसान करतं. फोन नंबर बदललेले असतात, काही पेशंट दगावलेले असतात. जे सापडतात ते बहुतेक बरे होऊन घरी गेलेले, म्हणजे निकाल आधीच एका बाजूला झुकला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा अभ्यासाला कन्सेंट वेव्हर, म्हणजे संमती घेण्यातून सूट, देण्याची मुभा एथिक्स कमिटीला (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीला) दिली आहे. ती वापरावी.

उलटतपासणी:
मुभा आहे, हक्क नाही. वेव्हरच्या अर्जात नुसतं ‘रेट्रोस्पेक्टिव्ह स्टडी (जुन्या नोंदींवरचा अभ्यास) आहे, सबब वेव्हर मिळावा’ असं लिहून चालत नाही. वेव्हरशिवाय अभ्यास का होऊ शकत नाही, हे पटवून द्यावं लागतं. डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा तुमच्याच युनिटमध्ये चार-चार तास बसतो. त्याला विचारायला कोणता फोन नंबर लागतो?
दुसरं म्हणजे, प्रोटोकॉलमध्ये ‘डेटा निनावी’ लिहायचं आणि एक्सेलच्या पहिल्याच कॉलममध्ये आयपीडी नंबर (दाखल पेशंटचा नोंदणी क्रमांक) ठेवायचा. हा डेटा निनावी नव्हेच. नंबरावरून पाच मिनिटांत माणूस सापडतो.

रकानेवाला:
डायलिसिसचा मुद्दा बिनतोड. पण आयपीडी नंबर पूर्ण काढला तर एखादी नोंद चुकल्यावर मूळ पेपर ताडून बघणार कसा? मधला मार्ग असा: शीटमध्ये फक्त स्टडी कोड ठेवा. कोड आणि आयपीडी नंबर यांची जोडयादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून, गाइडच्या कॉम्प्युटरवर. ती कधी नष्ट करणार, ते प्रोटोकॉलमध्येच लिहा. आणि कॉलम ‘हाइड’ केला म्हणजे गेला असं समजू नका. शीट स्टॅटिस्टिशियनला व्हॉट्सॲपवर गेली की तिकडे दोन क्लिकमध्ये तो परत उघडतो.
नाव काढूनही माणूस उरतोच. वय ८३, स्त्री, तालुका वेल्हे, दाखल झाल्याची तारीख, वर दुर्मिळ निदान: एवढ्यावर गावातला कुणीही ओळखेल. म्हणून वयाचे पाच-पाच वर्षांचे गट करा आणि ‘८० व त्यापुढे’ असा शेवटचा एकच गट ठेवा. तालुक्याऐवजी जिल्हा लिहा, तारखांऐवजी किती दिवस दाखल होते तो आकडा.

एमआरडी_खिडकी:
तुम्ही सगळे कमिटीवरच अडकलात. कमिटीचं पत्र म्हणजे रेकॉर्ड रूमची परवानगी नव्हे. कमिटीची मंजुरी आली की ती जोडून, विभागप्रमुखांमार्फत सुपरिंटेंडंटकडे अर्ज करायचा. त्यात कोणत्या कालावधीचे, कोणत्या निदानाचे, अंदाजे किती पेपर आणि कोण बघणार, हे हवं. ‘सर्व संबंधित रेकॉर्ड’ असं मोघम लिहिलं तर अर्ज परत येणार आणि यायलाच हवा. पेपर तिथेच बसून वाचायचे, मोबाइलवर फोटो नाही.
आधी डेटा गोळा करून मग मंजुरी मागणाऱ्यांना तर इलाजच नाही. मागील तारखेची मंजुरी कमिटी देत नाही आणि मंजुरीशिवाय जर्नल शोधनिबंध घेत नाही.

उलटतपासणी:
आणि मंजुरीनंतर प्रोफॉर्मात (माहिती टिपायच्या ठरलेल्या तक्त्यात) गुपचूप रकाना वाढवणारे? एचआयव्ही स्टेटस ‘सहज मिळतंय म्हणून’ टिपलं जातं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात ओळख पटू शकेल अशी माहिती संमतीशिवाय उघड करण्यावर बंधन आहे. एक रकाना वाढला तरी अमेंडमेंट, म्हणजे प्रोटोकॉलमधली दुरुस्ती, कमिटीकडे गेलीच पाहिजे.
मनोविकाराच्या केस नोट्सचा प्रकार आणखी वेगळा. २०१७ च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९९ त्यांच्या अभ्यासाची वाट ठेवतं, पण संमती देऊ न शकणाऱ्यांसाठी आणि ओळख गुप्त राहिली तरच.

केसपेपर_४२:
हे मान्य. पण मग दाखल करतानाच ‘माझी माहिती संशोधनाला वापरायला हरकत नाही’ अशी सही घेऊन टाकू या का? प्रश्नच मिटेल.

रकानेवाला:
मिटत नाही. ॲडमिशन काउंटरवर पोटात दुखणारा माणूस सात कागदांवर सह्या करतो, त्यात हा आठवा. कशावर सही केली ते त्याला डिस्चार्जपर्यंत कळत नाही. त्यापेक्षा वेव्हर प्रामाणिक. निदान जबाबदारी कमिटीच्या डोक्यावर राहते.

उलटतपासणी:
मला हे पटत नाही. आठवा कागद वेगळा काढा, डिस्चार्जच्या दिवशी द्या, ‘नाही’ चा चौकोनही तेवढाच मोठा छापा. डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने संशोधनाला सवलत दिली आहे, पण दोन अटींवर: ठरलेले निकष पाळायचे आणि त्या माहितीवरून त्या व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घ्यायचा नाही. न विचारण्याला ती ढाल करू नका.

एमआरडी_खिडकी:
डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या रांगेत? तो कागद वाचून दाखवायला माणूस कोण देणार, तेवढं आधी सांगा.